डिग्री नसली तरी चालेल, पण कान धरणारा कोणीतरी हवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न हमखास येतो. पोराला चित्रकलेची आवड आहे, इंटरमीजिएटला ए ग्रेड आहे, मोबाईलवर रात्री उशिरापर्यंत काय काय बनवत असतो, तर ग्राफिक डिझाईनचं कॉलेज करायलाच पाहिजे का की यूट्यूबवर बघून जमेल? विचारणारे कधी आईवडील, कधी तो पोरगा स्वतः. उत्तर देणाऱ्यांचे दोन गट ठरलेले. एक म्हणणार, डिग्रीला कोण विचारतंय, पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचा संच, बघतात. दुसरा म्हणणार, बेसिक कच्चं राहिलं तर आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेलं कॉम्प्युटरवर बसवणारा ऑपरेटरच राहशील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही ऐकून विचारणारा जिथे होता तिथेच राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. कॉलेजशिवाय शिकता येतं. लोक शिकलेत, आजही शिकतायत, आणि त्यातले काही डिग्रीवाल्यांच्या तोंडात मारतील असं काम करतात. पण एकट्याने खोलीत बसून कोणी शिकलेलं मी तरी बघितलेलं नाही. तुमचं काम बघून "हे चुकलंय, परत कर" म्हणणारा कोणीतरी लागतो, आणि सगळी गोम तिथेच आहे, सॉफ्टवेअरमधे नाही.

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलमधे नोंदणी लागते, आणि डॉक्टर-वकिलांचं तर सोडाच. ग्राफिक डिझायनरला असलं काहीही लागत नाही. आज सकाळी इन्स्टाच्या बायोमधे "डिझायनर" लिहिलं की दुपारपासून तुम्ही डिझायनर. याचा फायदाही आहे आणि तोटाही, पण धंद्याचं दार कायद्याने बंद नाही हे नक्की. त्यामुळे "डिग्री नसेल तर चालतं का" याचं उत्तर कायद्याने कधीच दिलेलं आहे: चालतं.

आणि हे आजचं नाही. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, पण तिथे कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला १९३५ च्या सुमारास. मग त्याआधी मुंबईत लेबलं, कॅलेंडरं, पोस्टरं, आगपेट्यांवरची चित्रं कोण करत होतं? रविवर्मांचा प्रेस मुंबईत १८९४ ला निघाला, तशा आणखी कितीतरी लिथो प्रेस होत्या, आणि त्यात दगडावर चित्र उतरवणारी माणसं कुठून सर्टिफिकेट घेऊन आलेली नव्हती. प्रेसमधे काम करता करता, वरच्या माणसाच्या शिव्या खात शिकली.

कमल शेडगे यांचं नाव मराठी माणसाला सांगायची गरज नाही. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती ज्यांनी बघितल्यात त्यांच्या डोळ्यासमोर त्यांनी काढलेली नाटकांच्या नावांची अक्षरं आजही येतील, प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं, नाव वाचायच्या आधी नाटकाचा बाज कळायचा. त्यांनी आर्ट स्कूलचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. हे उदाहरण कॉलेज नको म्हणणारे लगेच देतात, आणि अर्धंच देतात. त्यांचे वडील स्वतः अक्षरकाम करणारे होते आणि टाइम्स ऑफ इंडियाच्या आर्ट डिपार्टमेंटमधे होते, कमल शेडगे पुढे तिथेच लागले. म्हणजे घरात बाप अक्षर काढतोय आणि कामावर गेलं की आजूबाजूला सगळे तेच करणारे. रोज छापून येणारा पेपर, रोज डेडलाईन, रोज कोणीतरी बघणारं. याला जर कोणी "काहीच शिक्षण नाही" म्हणत असेल तर मला असं अशिक्षित राहायला आवडलं असतं.

इंग्रजी व्हिडिओ बघणारी पोरं डेव्हिड कार्सनचं नाव घेतात. तो समाजशास्त्र शिकलेला, सर्फिंग करणारा, शाळेत शिकवणारा माणूस, डिझाईनची डिग्री नाही, आणि नव्वदच्या दशकात रे गन नावाच्या म्युझिक मॅगझिनमधे त्याने एक अख्खी मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून डिंगबॅट फॉन्टमधे, म्हणजे नुसत्या चिन्हांमधे छापून टाकली. झकास किस्सा आहे, सगळ्यांना पाठ असतो. पण तो आधी अमेरिकेत एका छोट्या वर्कशॉपला गेला होता आणि नंतर स्वित्झर्लंडला हान्स-रुडॉल्फ लुट्झ नावाच्या शिक्षकाकडेही थोडे दिवस शिकला होता, हे सांगायला सगळे विसरतात. थोडेच आठवडे, मान्य. पण समोर माणूस होता.

आता आपल्याकडची पोरं बघा. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावात जे बॅनर लागतात ना, वाढदिवस, निवड, अभिनंदन, दशक्रिया, त्यातले कितीतरी आता मोबाईलवर बनतात. पिक्सेललॅब नावाचं ॲप आहे, त्याची पीएलपी फाईल, म्हणजे आधीच मांडून ठेवलेलं डिझाईन, मिळते, ती उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, झालं. यावर मराठीत ढिगाने व्हिडिओ आहेत आणि ते बनवणारी पोरं विशी-बाविशीतली. शहरातले डिझायनर या बॅनरना हसतात. सोनेरी अक्षरं, त्याला जाड पांढरी कड, त्याच्याबाहेर काळी कड, मागे प्रकाशाचे झोत, साहेबांच्या डोक्याभोवती तेज. हसा खुशाल. पण एकदा त्या बॅनरच्या समोर उभं राहून नीट वाचा.

सगळ्यात वर एक पट्टी असते, त्यात पक्षाचे मोठे नेते, छोटे छोटे गोल फोटो. कोण डावीकडून पहिला आणि कोण चौथा हे ठरलेलं असतं, चुकलं तर रात्रीत बॅनर उतरतो. मग ज्याचा वाढदिवस तो, उभा, कमरेपासून वर, हात जोडलेला नाहीतर कॉलर नीट करणारा. त्याच्या बाजूला आमदार, त्याच्यापेक्षा थोडा लहान, पण खालच्या नगरसेवकापेक्षा मोठा. आणि तळाला शुभेच्छुक, सगळे एका मापाचे, कारण एकाचा फोटो दोन सूत जरी मोठा झाला तरी बाकीचे फोन करतात. आता मला सांगा, कॉलेजमधे हायरार्की नावाचा जो धडा शिकवायला अर्धी टर्म जाते, कुठली गोष्ट आधी दिसली पाहिजे, कुठली नंतर, त्यासाठी आकार कसा वापरायचा, तो धडा या पोराला कोणी शिकवला? गावाने शिकवला. चूक झाली की कोणीतरी येऊन भांडलं, म्हणून शिकला.

पण तोच पोरगा जेव्हा एखाद्या हॉस्पिटलचा माहितीचा बोर्ड करायला घेतो, किंवा बचत गटाच्या लोणच्याच्या बाटलीचं लेबल, तेव्हा त्याची गाडी अडते. कारण तिथे भांडायला येणारं कोणी नसतं. लोणच्याचं लेबल वाईट असेल तर गिऱ्हाईक फोन करून सांगत नाही, ते फक्त शेजारची बाटली उचलतं. बचत गटाच्या ताईंना लेबल आवडलेलं असतं कारण त्यात त्यांचं नाव मोठं आहे. पोराला वाटतं काम मस्त झालं. आणि पुढचं लेबल तो तसंच करतो, त्याच्या पुढचंही.

यूट्यूबची अडचण ही आहे. यूट्यूबवर माहिती नाही असं कोणी म्हणूच शकत नाही, उलट इतकी आहे की माणूस बुडेल. पेन टूल कसं वापरायचं, ग्रिड म्हणजे काय, कलर व्हील, मास्किंग, मॉकअप, सगळं आहे, फुकट आहे, हिंदीत आहे, मराठीतही आहे. सॉफ्टवेअरसुद्धा आता फुकट मिळतं, इंकस्केप आहे, गिंप आहे, कॅनव्हा आहे, क्रॅक केलेलं कोरलड्रॉ वापरायची गरज राहिलेली नाही (तरी वापरतातच, तो वेगळा विषय). पण व्हिडिओ तुमच्याशी बोलतो, तुमचं काम बघत नाही. आणि आपलं काम आपणच तपासणं म्हणजे आरशात बघून स्वतःच्या मानेवरचे केस कापण्यासारखं आहे, जमतं काही जणांना, पण बहुतेकांच्या मानेकडे बघून कळतं.

मित्रांना दाखवलं तर मित्र "भारी" म्हणतात, इन्स्टावर टाकलं तर आगीचे इमोजी येतात. क्लायंटला दाखवलं तर क्लायंट म्हणतो लोगो मोठा करा. या तिन्हीत शिकण्यासारखं जवळजवळ काही नाही.

कॉलेजमधे नेमकं हेच मिळतं, आणि खरं सांगायचं तर फीचे पैसे याचेच असतात. चार वर्षांच्या बीएफए अप्लाइड आर्टमधे, म्हणजे जाहिरात-डिझाईनच्या डिग्रीत, जे शिकवतात त्यातली माहिती वेगळी काढली तर काही महिन्यांत वाचून होईल. पण सबमिशन असतं, ज्युरी असते, म्हणजे सगळ्यांसमोर कामाची तपासणी. तुम्ही रात्रभर जागून केलेली पोस्टरं भिंतीला लावायची, बाजूला वर्गातल्या सगळ्यांची पोस्टरं, एकच विषय, एकच माप. आणि सर येऊन काही न बोलता तुमच्या पोस्टरसमोरून पुढे जातात आणि शेजारच्या मुलीच्या पोस्टरसमोर थांबतात. तिने फक्त एक चप्पल काढलेली असते आणि खाली एक ओळ. तुम्ही अख्खं गाव काढलेलं असतं. ते का थांबले हे कळायला कोणी समजावून सांगायची गरज नसते, दोन्ही कागद शेजारी शेजारी असतात. असं चार वर्षं. दर सबमिशनला. याला पर्याय कुठल्याच व्हिडिओत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कंटाळवाणं काम. हाताने अक्षर काढायला लावतात, ब्रशने, पोस्टर कलरने, कड जरा थरथरली की परत. स्वतःहून शिकणारा हे कधीच करणार नाही, का करेल, कीबोर्ड आहे की. पण अक्षराच्या आतली पांढरी जागा बघायची सवय ज्याला लागली त्याचा डोळा वेगळा होतो. विंडोजवर मराठीसाठी वर्षानुवर्षं जो मंगल फॉन्ट आपण सगळ्यांनी वापरला तो र. कृ. जोशींनी केला, ते जे.जे.मधे शिकलेले आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईनच्या विभागात शिकवणारे. २०१० साली रुपयाचं चिन्ह निवडलं गेलं ते करणारे उदय कुमारही त्याच आयडीसीचे. ही कामं यूट्यूब बघून झाली नसती असं माझं स्पष्ट मत आहे. ही माणसं हुशार होतीच, पण एका विषयाच्या मागे वर्षानुवर्षं लागायला जी जागा आणि सोबत लागते ती संस्थेतच मिळते.

इतकं सगळं कॉलेजच्या बाजूने बोलल्यावर आता दुसरी बाजू, कारण कॉलेजवाल्यांना पण इतकं सोडायचं कारण नाही. आपल्याकडच्या डिझाईन शिक्षणाचा मोठा भाग इंग्रजी अक्षरांवर चालतो. पुस्तकं इंग्रजी, उदाहरणं स्विस आणि अमेरिकन. परिणाम काय, तर मोठ्या एजन्सीतून, चांगल्या कॉलेजातून आलेल्या माणसाने केलेली मराठी जाहिरात बघा. इंग्रजी हेडिंगला अक्षरांमधे जरा मोकळी जागा सोडली की ते देखणं दिसतं, म्हणून मराठीलाही तीच सेटिंग लावतात आणि शिरोरेषेचे तुकडे तुकडे होतात. फोटोशॉपमधे भारतीय लिपींसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडलेलं नसतं, मग पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते आणि तसंच होर्डिंगवर छापून येतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ल आणि श हिंदी वळणाचे, राज्य सरकारच्या जीआरमधे मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असं स्पष्ट सांगितलेलं असून. हे सगळं डिग्रीवाल्यांच्या हातून होतं. आणि गावातला श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर डीटीपी करणारा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडणारा माणूस, ज्याने ग्रिड हा शब्द ऐकलेला नाही, तो लग्नपत्रिकेतली "सौ. कां." कुठे तुटली पाहिजे आणि कुठे नाही हे डोळे मिटून सांगतो, कारण तिथे चूक झाली तर मुलीचे काका पत्रिकांचा गठ्ठा परत घेऊन येतात.

प्रेस हे सगळ्यात कडक कॉलेज आहे, माझं हे मत वर्षानुवर्षं बदललेलं नाही. पुण्यात नारायण पेठ-सदाशिव पेठेत अजून ज्या छोट्या ऑफसेट प्रेस आहेत त्यातल्या एखाद्यात सहा महिने चहा आणायची तयारी ठेवून जो राहील तो जे शिकेल ते स्क्रीनवर शिकता येत नाही. एकच उदाहरण देते. नवीन मुलगा व्हिजिटिंग कार्ड करून आणतो, स्क्रीनवर छान, पत्ता बारीक काळ्या अक्षरात. फाईल केलेली असते आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, त्यामुळे ती सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, गेली की तो काळा नुसता काळा राहत नाही, चारही रंगांचा होतो. मशीनवर चार प्लेट, चार वेळा शाई, आणि एक प्लेट केसाएवढी जरी हलली तरी त्या सहा पॉइंटच्या अक्षराला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळी झालर येते. पत्ता वाचता येत नाही. प्रेसवाला भिंग हातात देतो आणि म्हणतो बघ. भिंगातून ते चार रंगांचे ठिपके एकदा बघितले की बारीक अक्षर सिंगल ब्लॅकमधे, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत, ठेवायचं हे जन्मात विसरत नाही. मग ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेरचा जास्तीचा रंग, का सोडायचं ते कटिंग मशीनवर कळतं, फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, का द्यायचे ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीचा मजकूर जेव्हा इंग्रजी कचरा होऊन उघडतो तेव्हा कळतं. आणि कागद वाया गेला की पैसे कोणाचे, ही चर्चा सुरू झाली की तर सगळंच कळतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मधल्या प्रकाराचा. चौकाचौकात जे सहा महिन्यांचे "ॲडव्हान्स डिप्लोमा इन ग्राफिक डिझाईन" आहेत, शंभर टक्के जॉब गॅरंटी, आत गेलं की एसी आणि ओळीने कॉम्प्युटर. सगळेच वाईट आहेत असं नाही. पण बऱ्याच ठिकाणी जे शिकवतात ते म्हणजे मेनूमधलं कुठलं बटण कुठे आहे, जे फुकट मिळतं. ज्युरी नाही, प्रेस नाही, हाताने अक्षर नाही, आणि शिकवणारा बहुतेक वेळा तिथलाच मागच्या बॅचचा विद्यार्थी. शेवटी सगळ्यांचा पोर्टफोलिओ सारखा: एक कॉफी ब्रँडचा लोगो, एक बर्गरचं पोस्टर, एक बुटाचं पोस्टर, मागे रंगाचे शिंतोडे. दहा जणांचे पोर्टफोलिओ पत्त्यासारखे पिसले तरी कोणाचा कुठला ते त्यांना स्वतःला सांगता येणार नाही. ना कॉलेजची शिस्त, ना यूट्यूबचा फुकटपणा. आईवडिलांचे पैसे मात्र गेलेले. या पैशात चांगला सेकंडहँड लॅपटॉप आणि वर्षभराचं इंटरनेट येतं.

आता कोणी म्हणेल हे सगळं ठीक आहे पण एआय आल्यावर हा वादच संपला, मशीनला सांगितलं की पोस्टर तयार. मला उलटं वाटतं. बनवणं जितकं स्वस्त होईल तितकं चांगलं कुठलं आणि भिकार कुठलं हे ओळखणाऱ्याचं महत्त्व वाढेल, आणि ते ओळखणं नुसतं बघून येत नाही, दहादा नाकारलं गेल्यावर येतं. शिवाय त्या मशीनने काढलेलं मराठी अजूनही बऱ्याचदा असं असतं की जोडाक्षर बघून मास्तरांना चक्कर येईल. पण हा विषय लांबेल.

मग ज्या घरात चार वर्षांची फी परवडत नाही, पोरगं जालन्याला नाहीतर सावंतवाडीला आहे, त्याने काय करायचं? त्याला मी कॉलेजची स्वप्नं दाखवणार नाही आणि "टॅलेंट असेल तर सगळं होतं" असंही सांगणार नाही. त्याने आधी एक माणूस शोधावा. गावातला जुना पेंटर, ज्याने दुकानांच्या पाट्या हाताने लिहिल्यात, तो चालेल, आणि तो आता रिकामाच बसलेला असतो, फ्लेक्सने त्याचं काम गेलं. शाळेतले चित्रकलेचे सर चालतील. प्रेसवाला तर उत्तमच. त्यांना फिग्मासारखं डिझाईनचं सॉफ्टवेअर माहीत नसेल, काही बिघडत नाही, अक्षर वाकडं आहे हे त्यांना तुमच्या आधी दिसतं. दर आठवड्याला एक काम प्रिंट काढून, स्क्रीनवर नाही, प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. स्पष्टीकरण द्यायचं नाही. आणि एखादं चांगलं छापलेलं पान, जुन्या दिवाळी अंकातलं घ्या, ते फुटपट्टीने मोजून जसंच्या तसं परत मांडायचं, विकायला किंवा पोस्ट करायला नाही, हाताला कळावं म्हणून. फॉन्टचं म्हणाल तर मुक्ता, बालू असे चांगले देवनागरी फॉन्ट 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेत आणि ते गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, त्यामुळे मराठीचं काम शिकायला पैसे लागतात ही सबब आता राहिलेली नाही. उलट देवनागरी नीट मांडता येणारी माणसं इतकी कमी आहेत की तिथे स्वतःहून शिकलेल्याला डिग्रीवाल्याच्या पुढे जायला भरपूर जागा आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली, ती आईवडिलांसाठी. खाजगी स्टुडिओत, एजन्सीत, फ्रीलान्समधे कागद नसला तरी चालतो. पण मुलाला पुढे कलाशिक्षक व्हायचं असेल, सरकारी खात्यात आर्टिस्टच्या पोस्टला अर्ज करायचा असेल किंवा परदेशात मास्टर्सला जायचं मनात असेल तर तिथे पहिल्या पानावरच शैक्षणिक पात्रता विचारतात आणि पोर्टफोलिओ उघडायची वेळच येत नाही. यातलं काही नक्की असेल तर बाकीचा वाद घालत बसू नका, सीईटीचा फॉर्म भरा. आणि कॉलेज निवडताना बिल्डिंग आणि लॅब बघून येऊ नका, सबमिशनच्या आठवड्यात जा, भिंतीवर काय लावलंय आणि त्यासमोर उभं राहून कोणी बोलतंय का ते बघा. तेवढ्यावरून कळेल पैसे कशाचे घेतायत ते.